पाणकाळ्याचा चेहरा

१३ जानेवारी २००४, मंगळवार

आज दुपारी सव्वाचारला माझं सगळं बदललं. स्टुडिओच्या पश्चिमेच्या खिडकीत ऊन आलं होतं. स्कॅनरवर ठेवायला अठ्ठ्याऐंशी नंबरचं पान उचललं, ते हातात तिरपं झालं, आणि पाणकाळ्याच्या तोंडाच्या काळ्या शाईत मला एक डोळा दिसला.

पाणकाळ्याला चेहरा नाही, हे आमच्या आर्णीच्या शाळेत पाचवीतल्या पोरालाही ठाऊक होतं. शाळेच्या कपाटात मुलांच्या एका जुन्या साप्ताहिकाचे बांधीव गठ्ठे होते आणि प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर त्याची चित्रकथा असायची. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, त्या नळातून तो यायचा आणि पेठेतल्या कुठल्याही हौदातून वर निघायचा. अंग ओलं असेपर्यंत त्याला दहा माणसांचं बळ. वाळला की साधा माणूस. तो बोलायचा नाही. गळ्याच्या वर नुसती काळी शाई. यवतमाळ जिल्ह्यात बसून मी त्याच्यासाठी पुण्यातल्या पेठांची नावं पाठ केली होती.

आता तोच पाणकाळ्या आमच्या स्टुडिओत आहे, माझ्यामुळे. दोनशे बारा मूळ पानं, श्रीनिवास गोगटे यांच्या हातची. सिनेमा करायचाय, खरा माणूस आणि कंप्युटर मिळून.

शाईखाली पेन्सिल आहे. कठीण शिसाची, दाबून काढलेली, कागदाला चरे पडलेत. स्कॅन करून उजेड वाढवला तर हळूहळू वर येते. अठ्ठ्याऐंशीवर आली, मग मी चाळीस काढलं, एकशे तीन काढलं. सगळीकडे एकच माणूस. तिशीच्या आतला. केस कपाळाला चिकटलेले, डावी भुवई मध्ये तुटलेली. गंमत म्हणजे अंग कुठल्याही दिशेला वळलेलं असो, हा वरच पाहतो. गोगटेकाकांना बहुतेक तोच एक अँगल नीट जमत असावा.

कुणाला सांगितलं नाही. आधी काकांच्या मुलीला, स्वरालीला दाखवणार.

१४ जानेवारी, बुधवार

दाखवलं नाही. सकाळी गेलो तर ती कंपनीच्या बसला पळत होती. "काहून रे इतक्या सकाळी?" म्हणाली. माझी नक्कल करते ती. दुसऱ्या कुणी केली असती तर मी हात उचलला असता.

काका जेवणाच्या टेबलावर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडकीत बोरू, टाक, दौती. त्यांनी सत्तरच्या दशकात काय काढलं हे आता सदाशिव पेठेत कुणाला माहीत नाही. मला ते इथेच दोन गल्ल्यांवर राहतात हे कळलं, तेव्हा मी माझ्या कॉटवरून उठून तसाच गेलो होतो. दार स्वरालीनं उघडलं होतं. त्या दिवसापासून आठवड्यातून तीनदा जातो.

मी आडून विचारलं, "काका, तुम्ही चेहरा आधी काढून मग काळा करता का?"

"तुम्ही कणकेत मीठ आधी घालता की नंतर, हे मी विचारलं का कधी?"

"नाही, म्हणजे टेक्निक म्हणून..."

"आपला स्टुडिओ दहाला उघडतो ना?" एवढं बोलून त्यांनी दौतीला बूच लावलं. दौत कोरडीच होती.

पुणेरी माणूस. वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही.

स्टुडिओचं परवानगीचं पत्र मीच आणलं होतं सहीला. त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या टाकानं लिहिलं, पाणकाळ्याचा चेहरा कुठेही, कोणत्याही प्रकारे दाखवू नये. ही अट मोडल्यास परवानगी रद्द. मग मला म्हणाले, "हे त्यांनी नाही, तुम्ही पाळायचं." मी मान हलवली होती. मान हलवताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या स्वरालीकडे बघत होतो.

१७ जानेवारी, शनिवार

स्वराली म्हणाली, "तू येतोस ना, त्या दिवशी बाबा नीट जेवतात. आई गेल्यापासून कुणी त्यांच्याशी चित्रांवर बोललेलंच नाही. येत जा."

तीन वेळा म्हणाली, येत जा. खोलीवर येऊन मी गुणगुणत होतो. खोलीतल्या मच्छिंद्रनं विचारलं, पगार झाला का?

२५ जानेवारी, रविवार

आज टेस्ट शूटिंग. कात्रज घाटाच्या अलीकडे पुष्करच्या मित्राचं शेततळं आहे. पुष्कर म्हणजे आमचा मालक. अमेरिकेत चार वर्षं काढून आला, कर्वे रोडवर चौथ्या मजल्यावर स्टुडिओ टाकला, आणि 'पुण्याचा स्वतःचा महानायक' हे शब्द त्याला इतके आवडलेत की फोन उचलताना तेच म्हणेल की काय असं वाटतं.

पाणकाळ्या म्हणून कोंडीराम पैलवान आणला. अंगानं बरोबर. पण चित्रात काळं म्हणजे शाई, इथे काळं म्हणजे रंग. रंग लावून पाण्यात उतरला आणि पाण्यातून वर निघाला तो गोरा. तळ्यावर काळा तवंग. ज्याला कायम ओलं राहायचंय त्याचा रंगच पाण्यानं जातो, हे आमच्यातल्या सात जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मग काळी टोपी घातली, डोळ्यांना भोकं पाडून. लांबून तो मधाचं पोळं काढायला आलेला माणूस दिसत होता. मग भोकं बुजवली, तर तो काठावरच्या दगडाला अडखळून आडवा झाला.

उडीचं तर विचारूच नका. क्रेनच्या दोरीनं वर खेचला. दोरीनं खेचलेला माणूस उडी मारल्यासारखा दिसत नाही, विहिरीतून काढल्यासारखा दिसतो. हातपाय लोंबतात. कॅमेरावाला हसायला लागला तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो. पुष्करनं मला मागून धरलं. कोंडीराम दोरीवर तसाच लटकत म्हणाला, "आधी मला खाली घ्या, मग मारामाऱ्या करा."

लाज वाटतेय. कॅमेरावाल्याची नाही, पैलवानाची.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. काकांना कालची सीडी दाखवली. मला वाटलं रागावतील. त्यांनी दोनदा बघितली.

"उडी तुम्ही दाखवताय," ते म्हणाले. "मी उडी कधी काढलीच नाही. या चौकटीत तो हौदात, पुढच्या चौकटीत गच्चीवर. मधली उडी वाचणारी पोरं मारायची. पोरं काय वाटेल तेवढी उंच मारतात. त्याला क्रेन पुरायची नाही."

"मग सिनेमात काय करायचं?"

"सिनेमात दोन चौकटींच्या मधे पांढरी फट नसते. तिथेच तो राहायचा." मग सीडीवरच्या गारठलेल्या कोंडीरामकडे बोट करून म्हणाले, "हे मात्र बरोबर आहे. पाण्यातून आलेला माणूस असा कापतो. माझा कधी कापला नाही. मी त्याला कापू दिला नाही."

निघताना म्हणाले, "उद्या येशील तेव्हा त्या पैलवानाचे हात कसे दिसतात त्याचे फोटो आण." येशील म्हणाले. आजवर तुम्ही होतो. स्वरालीनं ऐकलं आणि बापाच्या पाठीमागून मला डोळे मोठे करून दाखवले. जिना उतरताना पायऱ्या मोजल्या नाहीत, दोन-दोन करून उतरलो.

चेहऱ्याचं आज सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एवढा चांगला दिवस.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते तसंच लिहितो.

मुंबईचे शेठ आले होते, ज्यांचे पैसे लागणार ते. पुष्करनं त्यांना पानं दाखवली, कोंडीरामचं चित्रीकरण दाखवलं. शेठ भले माणूस, शांतपणे म्हणाले, "सब ठीक है. हीरो का चेहरा किधर है?"

पुष्कर म्हणाला, तेच तर वेगळेपण. शेठ म्हणाले, वेगळेपण पोस्टरवर लावता येत नाही. कुठला नट सहा महिने चेहरा झाकून काम करील? पब्लिक कुणाकडे बघून रडेल?

मी म्हणालो, "अट आहे तशी. चेहरा दाखवायचा नाही."

पुष्कर हसला. शेठना म्हणाला, "ये हमारे आधे इंजिनियर हैं. आधी डिग्री, पूरा गुस्सा."

सगळे हसले. शेठही हसले, पण कसं, लहान मुलाकडे बघून हसतात तसं. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. कॉलेज सोडलं तेव्हाही अशीच वाजली होती. सरांनी वर्गासमोर म्हटलं होतं, आर्णीत ड्रॉइंग असंच शिकवतात का, आणि मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून निघालो तो परत गेलोच नाही. आई अजून शेजारपाजारी सांगते, दिग्विजयचं शेवटचं वर्ष आहे. दोन वर्षं झाली, शेवटचंच चाललंय.

मी उठलो, माझ्या मशीनवर गेलो, फाइल उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. म्हणालो, "चेहरा आहे. दोनशे बारा पानांत आहे. शाईखाली आहे. हा शोधायला पूर्ण इंजिनियर लागत नाही."

शेठ खुर्चीतून उठून जवळ आले. हळूच म्हणाले, "ये कौन है?"

"पाणकाळ्या," मी म्हणालो.

त्या क्षणी मला किती बरं वाटलं हे लिहायला हात जड झालाय. पण वाटलं. खूप बरं वाटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

पुष्करला म्हणालो, तो चेहरा काढून टाक, मी रागात दाखवला. तो म्हणाला, अरे, काकांनीच काढलाय, आपण थोडाच बनवलाय? म्हाताऱ्याला आनंद होईल. एका वर्तमानपत्राच्या पुणे पुरवणीत त्याची ओळख आहे. रविवारी छापून आणतो म्हणाला. चेहऱ्याची स्वच्छ प्रत सीडीवर टाकून दे.

मी दिली. स्वतः साफ करून, कडा नीट करून दिली. भुवईतली फट स्कॅनची चूक वाटेल म्हणून जरा ठळकही केली. सीडीवर माझ्या अक्षरात 'पाणकाळ्या, चेहरा' लिहिलं. कुणी माझ्या डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. मनात असं होतं की स्वराली छापलेलं बघेल, खाली माझं नाव असेल, 'संशोधन: दिग्विजय', आणि ती आईला... तिला आई नाही. म्हणजे कुणाला तरी सांगेल.

आज काकांकडे गेलो नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

छापून आलं. पाव पान. माझं नाव नाही.

शाईतून काढलेला चेहरा मोठा छापलाय. छपाईत तो जास्त ओला दिसतो.

सकाळी अकरापर्यंत कॉटवर पडून होतो. काकांच्या घरी तोच पेपर येतो, हे मला माहीत आहे. शब्दकोडं त्याच पुरवणीत असतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

स्वराली स्टुडिओखाली आली होती. दुपारी, कंपनीतून सुट्टी घेऊन. मला वाटलं भांडायला. भांडली असती तर बरं झालं असतं.

"बाबांनी काल कोडं सोडवलं नाही," ती म्हणाली. "पुरवणी घडी घालून उशीखाली ठेवलीय. मी विचारलं तर म्हणाले, पोळीला तूप कमी आहे. तूप होतं."

"मी रागात..."

"तुझा राग रोज नवीन कुणाचं तरी नुकसान करतो का रे? की आठवड्याचं वेळापत्रक आहे?"

मी रस्त्यावरच्या रिक्षा मोजायला लागलो.

"तुला माहीत होतं तो चेहरा कुणाचा आहे?" तिनं विचारलं.

"नाही. तुला?"

"मलाही नाही. पण तो का झाकलाय, हे मी विचारलं नाही कधी. हा फरक आहे." मग म्हणाली, "मी तुला येत जा म्हटलं ते बाबांसाठी, दिग्विजय. तू वेगळं काही समजत होतास, ते मला कळत होतं आणि मी काही बोलले नाही, कारण ते जेवत होते. ती माझी चूक. झाली आता."

ती पाच मिनिटं थांबली असेल. रिक्षात बसली. मी चौथ्या मजल्यावर चालत गेलो, लिफ्टमध्ये आरसा आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस काही लिहिलं नाही. काकांच्या गल्लीतून जायला नको म्हणून जेवायला लांबच्या खाणावळीत जातो. मच्छिंद्र म्हणतो, कुणाचं देणं आहे का तिकडे?

शेठनी होकार कळवलाय. त्या चेहऱ्यासारखा नट शोधायचा म्हणे, भुवई मेकअपनं तोडायची. पुष्करनं मिठाई वाटली. मी पेढा हातात धरून उभा होतो, कुठे ठेवावा कळेना.

मी त्याला पत्रावरची अट वाचून दाखवली. परवानगी रद्द होते, हे त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. तो म्हणाला, "म्हातारा काही बोललाय का? नाही ना? मग तू कशाला बोलतोस?" हे खरं होतं, म्हणूनच मी त्याच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स खाली पाडला. मग स्वतःच गुडघ्यांवर बसून गोळा केले. पेढे गोळा करताना मनाशी ठरवलं, रविवारी पानं परत नेऊन द्यायची. पत्र्याच्या ट्रंकेत भरून आजच खोलीवर आणलीत. कुणी अडवलं नाही. स्कॅन त्यांच्याकडे आहेतच.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहाला ट्रंक घेऊन गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत होतो. काका, माझी चूक झाली, मी शब्द मोडला, मारायचं असेल तर मारा. मारा हे मनात तीनदा आलं. कुणी मारलं की फिटतं असं मला लहानपणापासून वाटतं.

दार उघडंच होतं. बाहेर एक वहाणांचा जोड, धुळीनं पांढरा झालेला. आत खाटेवर एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मांडीवर वर्तमानपत्राचा चुरगळलेला तुकडा. तेच पान. काका समोर खुर्चीत, हात गुडघ्यांवर. स्वराली भिंतीला टेकून उभी. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी ट्रंक दारात ठेवली आणि तिथेच थांबलो.

स्वराली हळू आवाजात म्हणाली, "इंदुबाई. लोणी काळभोरहून आल्यात. पेपरात बाबांचं नाव होतं, त्यावरून विचारत विचारत."

बाई सांगत होत्या. "सुनंनं तांदूळ निवडाया पेपर अंथरला. म्या खडं काढती हाय, आन खाली ह्यो. तांदूळ सारलं तर त्योच. भुवई तुटल्याली. लगीन व्हायच्या आदी बैलानं शिंग मारल्यालं." बोट चेहऱ्यावर न टेकवता त्यांनी ते वर धरलं. "क्यास वलं हायेत. वर बगतोय. ज्यानं काडलं त्यानं त्याला पान्यात बगितलंय. म्हनून आले."

काका म्हणाले, "हो."

एवढंच. हो.

बाई म्हणाल्या, "बेचाळीस वर्सं झाली पानशेतचं धरान फुटल्याला. कुनाला मढं गावलं न्हाई. सासू म्हनायची कुंकू पूस, दीर म्हनायचा पूस. म्या म्हनलं, मढं दावा न्हाईतर बगनारा दावा. कुनी न्हाई दावला. सदाशिव पेठंत बसल्याला व्हता बगनारा."

काका बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज कोड्याचे शब्द वाचतात तसा सपाट होता. ते एकोणीस वर्षांचे होते, नदीकाठच्या एका छापखान्यात शिकाऊ. बाईंचे यजमान दत्तोबा तिथे मशीन चालवायचे. पाणी यायला लागलं तेव्हा सगळे बाहेर पडले, दत्तोबाही. काकांची चित्रांची गुंडाळी माळ्यावर राहिली होती. ते परत गेले. त्यांना आणायला दत्तोबा परत आले.

"मला त्यांनी खालून पत्र्यावर ढकललं," काका म्हणाले. "ते खाली राहिले. मी हात दिला नाही."

"का?"

"एका हातात कागद होते."

"आन दुसरा?"

"दुसऱ्यानं पत्रा धरला होता."

खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

"काई बोलला का?" बाईंनी विचारलं.

"म्हणाले, कागद वर धर, भिजतील." काकांनी चष्मा काढला. "मग नव्हते. मी सगळ्यांना सांगितलं, मी पाहिलं नाही. छापखान्यातल्यांना, पोलिसांना. तुमच्या दिरांनाही. ते आले होते विचारायला. मला वाटलं, कागदासाठी माणूस गेला असं सांगितलं तर... मी नाही सांगितलं. चित्र मात्र काढत राहिलो. दर शनिवारी पाण्यातून वर काढायचो. तोंड काढायचो आणि झाकायचो."

बाई त्या तुकड्याकडे बघत होत्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "वाचाया येत न्हवतं त्याला. पर कागदाला पाय लागला तर वाकून पाया पडायचा. छापखान्यात खाली सगळा कागुदच. दिसभर वाकायचा, लोकं हसायची."

तेव्हा मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं. "काका, हे माझ्यामुळे छापलं गेलं. मी शब्द..."

"जरा थांबा," काका म्हणाले. थांबा. आवाज चढवून नाही म्हणाले, दारात आलेल्या कुरिअरवाल्याला म्हणतात तसं.

मी थांबलो. आणि खरं तेच लिहायचं तर, मी वाट बघत होतो. कुणीतरी म्हणेल की पोरा, तुझ्यामुळे बेचाळीस वर्षांची गाठ सुटली. बाई म्हणतील, निदान काका म्हणतील, निदान स्वराली माझ्याकडे तसं बघेल. त्या खोलीत, त्या वेळी, मी माझं कौतुक व्हायची वाट बघत ट्रंकेशेजारी उभा होतो. हे लिहिताना कान तापलेत. शब्द मोडला त्याच्यापेक्षा याची जास्त लाज वाटते.

काकांनी बाईंना सांगितलं की यावर सिनेमा काढताहेत, अट मोडलीय म्हणून आपण परवानगी रद्द करू शकतो, किंवा राहू देऊ शकतो. "मी आजवर तुम्हाला न विचारता काढलं. आता तुम्ही सांगाल ते."

बाईंनी फार विचार केला नाही. "शिनिमात नगं. शिनिमात त्यो मानूस उड्या मारनार, नाचनार. त्यो आमचा न्हाई व्हायचा. घरात पायजे. घरात एक बी फोटू न्हाई. लगनात काडला न्हवता." मग तुकडा काकांसमोर धरला. "आन कान चुकलंत. असलं न्हवतं कान. मोठं. सुपावानी."

काका उठले. खिडकीतून पेन्सिल घेतली, कोरा कागद घेतला, टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला सारलं. बाई खाटेवरून उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"असे?"

"आजून भाईर. हां. आन पान्यातला नगं. वाळल्याला काडा."

काकांचा हात थांबला. दोनशे बारा पानांत त्यांनी तो चेहरा कधी कोरडा काढला नसावा. "केस मला माहीत नाहीत," ते म्हणाले. "कोरडे कसे होते ते."

"म्या सांगते की. मागं वळवायचा. त्याल लावून."

स्वरालीनं ट्रंक उचलून आत घेतली, खाटेखाली सरकवली. मग माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, माझ्यासाठी काहीच नव्हतं. "पानं मोजून घेऊ नंतर," ती म्हणाली. "परवानगी रद्द केल्याचं पत्र बाबा उद्या पाठवतील. पुष्करला तूच सांग. तू आता जा, दिग्विजय."

मी बघत उभा राहिलो, अर्धं मिनिट असेल. कुंकवाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेली. होतं तिथेच होतं. त्याचं बाई घरी जाऊन काय करतील हे त्यांचं. पेन्सिल कागदावर फिरत होती, बाई वाकून बघत होत्या, आणि काका दर रेघेला थांबून विचारत होते. मी आलो तेव्हा घोकलेलं सगळं माझ्या तोंडात तसंच होतं आणि त्या खोलीत ते ठेवायला जागा नव्हती.

"वाईच हसरा काडा," बाई म्हणत होत्या. "पर दात दाऊ नगा, म्होरला तुटका व्हता, लाजायचा."

मी बाहेर आलो, बूट हातात घेतले आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.